चिंचेनं घासलेला बिल्ला

मोठाईनं पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला, झाकण काढलं आणि आतली मलमलीची पुरचुंडी सोडली. तिच्यातून जे निघालं ते मी क्षणभर ओळखलंच नाही. माझ्या डोक्यात तीस वर्षं जे चकाकत राहिलं होतं, ते हे नव्हतं. हे काळपट, मातकट, जमिनीत सापडलेल्या जुन्या रुपयासारखं. फितीनं आपल्या विटकरी रंगाची आठवण तेवढी धरून ठेवली होती, आणि तिच्यावरच्या पांढऱ्या रेघा चहा सांडल्यासारख्या पिवळ्या झाल्या होत्या. मी ते तळहातावर घेतलं. वजन मात्र तेच होतं.

मोठाई म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची, मोठेबाबांची, बायको. वय ऐंशीला टेकलेलं, मुर्रीत एकटी राहते, आणि "एकटी काऊन राहते" असं विचारणाऱ्याला "कोंबड्या हायेत ना" असं उत्तर देते. मी गोंदियात राहते, ऑटोनं पंधरा मिनिटं. शाळेत इतिहास शिकवते आणि घरात गोष्टी सांगते. लग्न असो, बारसं असो, कोणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, चटया पसरल्या की मी सुरू होते. आमचे हे त्याला कॉमेंट्री म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी एका लग्नात मी बोलत असताना वरात पुढे निघून गेली होती, आणि मी रिकाम्या मांडवाला एकूणसाठ सालचा पूर सांगत होते, असं ते कोणालाही सांगतात. पूर साठ सालचा होता. बाकी खरं आहे.

मुर्रीच्या शाळेत या सव्वीस जानेवारीला एक काळा दगड बसणार आहे. देशानं ज्यांचा सन्मान केला अशा गावातल्या माणसांची नावं त्यावर. मुख्याध्यापक माझा जुना विद्यार्थी. त्यानं फोन केला, मॅडम, तुमच्या मोठेबाबांचं मेडल होतं ना, त्याचा एक फोटो आणि दोन ओळी द्या, तुमचाच विषय आहे. हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझी मान अर्धा इंच वर जाते. म्हणून मी आले होते.

तर ते काळपट मेडल हातात घेऊन मी सवयीनं म्हटलं, "मोठाई, चिंच आहे का घरात? फोटो काढायचा आहे. जरा घासून घेते."

मोठाई समोर बसून लाखोरीचे शेंडे खुडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्या तळहातावर आपला हात पालथा टाकला आणि मेडल झाकून टाकलं.

"घासू नोको," ती म्हणाली.

तिच्या बोटांना त्या कोवळ्या पाल्याचा हिरवा, कच्चा वास होता. जानेवारी म्हणजे आमच्याकडे हाच वास. धान निघून गेलेल्या बांध्यांमध्ये ओलीवर लाखोरीची डाळ वाढते, निळी बारीक फुलं धरायच्या आधी तिचे शेंडे खुडून आणायचे, लसूण-मिरचीवर परतायचे. आणि त्या वासावर वाऱ्यानं येऊन बसणारा दुसरा वास, राईस मिलमधल्या उसन्या, म्हणजे उकडलेल्या, धानाच्या वाफेचा. गोड नाही, आंबट नाही, ओल्या पोत्यासारखा. पाहुणे नाक धरत. आम्हाला तो वास येत नसे, तो नसला तर कळे. मोठेबाबा त्याच मिलच्या फाटकावर चौकीदार होते. पलटणीतून नायक म्हणून परत आले आणि फाटकावर उभे राहिले. उभं राहण्याची त्यांची पद्धत मात्र बदलली नाही. धानाची गाडी आत सोडतानाही असं वाटे, की ते तिची सलामी घेत आहेत.

वर्षातला एक दिवस ते फाटकावर नसत. आणि त्या दिवसाची खरी सुरुवात आदल्या दुपारी होत असे.

पंचवीस जानेवारीला मोठाई अंगणात राख घेऊन बसे. बुद्धमूर्तीपुढची पितळी समई, फुलदाणी, पाण्याचा गडवा, सगळं एका ओळीत. शेवटी, वेगळ्या पाटावर, मेडल. ती त्याला मेडल म्हणत नसे, पदक तर नाहीच. बिल्ला. आधी फीत सोडवून ती गादीखाली इस्त्रीला जाई. मग भिजवलेल्या चिंचेचा कोळ अंगठ्यानं चोळायचा, समोरच्या सिंहांवर, मागच्या उगवत्या सूर्यावर. त्यावर चुलीतली राख. आणि कडेला, जिथं मळ हट्टानं बसतो तिथं, विटेची भुकटी नारळाच्या शेंडीवर घेऊन करकर करकर. तो आवाज मला आजही दाढेत ऐकू येतो. मी बाजूला तांब्या धरून बसलेली असे. पाणी घालायचं काम माझं. माझ्या मते ते देशकार्य होतं.

मोठेबाबा तेव्हा खाटेवर आमच्याकडे पाठ करून बसत. आपला यात काही संबंध नाही असं दाखवायला हातात वर्तमानपत्र. ते वर्तमानपत्र उलटं धरलेलं नसे, पण पानही उलटत नसे.

धुतलेला बिल्ला धानाच्या तणसावर वाळायला ठेवला की उन्हाचा एक कवडसा भिंतीवर चढे. कौलांपर्यंत जाई, परत येई. कोंबड्या त्याच्यामागे धावत. मोठेबाबांचा पांढरा सदरा भाताच्या मांडात बुडवून कडक केलेला असे, दोरीवर तो माणूस आत असल्यासारखा ताठ उभा राही. संध्याकाळी रेडिओ लागे. पद्म पुरस्कारांची यादी. आमचं अख्खं घर कान लावून बसे, जणू आमच्यापैकी कोणाचं तरी नाव येणार होतं. नाव एखाद्या गवयाचं, एखाद्या डॉक्टरचं, कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या माणसाचं येई. मोठेबाबा प्रत्येक नावाला मान हलवत. आपल्याच खात्यातल्या माणसाची बढती ऐकावी तशी.

सकाळी ते स्वतःच्या हातानं बिल्ला लावत. डाव्या खिशाच्या वर, आरसा न पाहता. मग शाळा. प्रभातफेरीचे घसे बसलेले आवाज, चुन्यानं आखलेल्या मैदानाचा वास, झेंड्याच्या गाठीत बांधलेली शेवंतीची फुलं उघडली की डोक्यांवर पडायची. गुरुजी म्हणत, आपल्या गावचे मेडलवाले फौजी. ते पुढे येत, सलाम करत, मागे जात. एवढंच. नंतर कागदातली बुंदी खात खात पोरं त्यांच्याभोवती गोळा होत. पलटणीत राहून त्यांची बोली अर्धी हिंदी झाली होती, ते म्हणत, "हाथ आगे. वजन देखो." बिल्ला छातीवरच असे. आम्ही खालून तळहात लावायचा आणि त्याचा भार घ्यायचा. एकेकानं. लढाईतलं काही विचारलं तर ते तीन गोष्टी सांगत. नदी होती. चिखल होता. डाळ पातळ होती. चौथी गोष्ट मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

कडेवर इंग्रजी अक्षरं होती. नंबर, हुद्दा, नाव. कोरीव, बारीक, मुंगीच्या पायासारखी. पाचवीत नुकतंच इंग्रजी लागलं होतं, आणि पुस्तकातल्या वाक्यांच्या आधी मी ती अक्षरं वाचली. शाळेबाहेर माझ्या आयुष्यात वाचलेलं ते पहिलं इंग्रजी. मेडलवर आमचं आडनाव होतं. माझी पक्की समजूत अशी होती, की दिल्लीत सगळे मोठे लोक एका टेबलाभोवती बसले, त्यांनी विचार केला की देशात सगळ्यात शूर कोण, आणि मग मुर्रीला पार्सल पाठवलं.

ही समजूत तशीच राहिली असती तर माझं काय बिघडलं असतं, मला माहीत नाही. पण मी शिकले.

नागपूरला एम.ए. करताना मी प्रबंधाला विषय घेतला, स्वतंत्र भारतातली सन्मानांची पद्धत. घरात एक बिल्ला असल्यामुळे मला वाटलं, अर्धं काम झालेलंच आहे. त्या वर्षी ग्रंथालयाच्या त्या गार, वाळवीच्या औषधाचा वास असलेल्या खोलीत मी किती सुखात होते. इंग्रजांच्या काळातले रावसाहेब आणि रावबहादूर भेटले. आमच्याकडच्या एका मालगुजाराच्या वाड्यात तसली सनद चौकटीत लावलेली मी लहानपणी पाहिली होती, आता तिचा अर्थ लागला. मग स्वराज्य आलं आणि घटनेत लिहिलं गेलं, की राज्य कोणाला पदव्या वाटणार नाही. म्हणून पद्मश्री हे नावाआधी लावायचं नसतं. लोक पत्रिकेवर छापतात तरी. सुरुवातीला पद्मविभूषणाचे तीन वर्ग होते, पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग. आम्ही रेल्वे जंक्शनची माणसं, मला ते लगेच कळलं. पुढच्याच वर्षी डब्यांची नावं बदलली, विभूषण, भूषण आणि श्री. सत्याहत्तरला सगळंच बंद पडलं आणि ऐंशीला पुन्हा सुरू झालं. पदकावर कमळ. आमच्या तळ्यात कमळं इतकी, की आम्ही कमळगट्टे फोडून खात असू. देश ज्याचं पदक करतो ते आम्ही दुपारचं खाऊन टाकतो, असा विनोद मी तेव्हा केला आणि मलाच फार आवडला.

शौर्यपदकांची वेगळी उतरंड. सगळ्यात वर परमवीर, मग महावीर, मग वीर. शांततेतल्या शौर्याची तीन वेगळी. त्याखाली सेवेची, जखमांची, मोहिमांची, वर्षांची. मी एक मोठा तक्ता काढला. ड्रॉइंगच्या कागदावर, रंगीत पेन्सिलींनी, प्रत्येक फितीचा रंग भरून. तो तक्ता अप्रतिम झाला होता, हे मी आजही सांगेन. त्याचं काही तरी भलं व्हायला हवं होतं.

जानेवारीत मी घरी आले. सव्वीस तारखेला आठवडा होता. रविवारची दुपार, अंगणात ऊन, ताटात भात आणि लाखोरीची भाजी. मोठाई घरात नव्हती. ती विड्या वळायची, आणि त्या दिवशी जुड्या घेऊन ठेकेदाराकडे जमा करायला गेली होती. मोठेबाबा आणि मी, दोघंच. मी जेवण आटोपून तक्ता खाटेवर पसरला. त्यांनी हात पुसला, चष्मा लावला, आणि वरपासून प्रत्येक फितीवर बोट ठेवत खाली येऊ लागले. मी बोलत होते. मला थांबता येत नाही, हे सांगून झालंच आहे.

"आपला कुठं हाये यात?" त्यांनी विचारलं.

मी तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. सांगितलं, की हे संग्राम मेडल. हे शौर्याचं नाही, मोठेबाबा. एकाहत्तरच्या लढाईच्या काळात जो जो नोकरीत होता, त्या सगळ्यांना दिलंय. आघाडीवर असो नसो. आणि मग, माझं ज्ञान अपुरं राहू नये म्हणून, मी पुढे म्हटलं, "स्वयंपाक्यालासुद्धा."

त्यांनी बोट तिथंच ठेवलं. एक कोंबडी ताटाजवळ आली, तिला मी हाकललं, एवढा वेळ गेला. मग ते म्हणाले, "बरोबर लिवलं हाये." तक्ता त्यांनी जुन्या घडीवर घडी घालून नीट मिटवला, पलटणीत नकाशा मिटवत असतील तसा, आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, रंग छान भरले.

मला कौतुक वाटलं. स्वतःचं. बावीस वर्षांच्या माणसाला सोन्याचं पान मिळालं तरी एवढा आनंद होणार नाही, असा आनंद मला एम.ए.च्या त्या तक्त्यानं दिला होता. आपण काय केलं ते मला त्या दुपारी कळलं नाही.

सव्वीसला मी सदऱ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं. कडक, पांढरा, आणि डाव्या खिशावर काहीच नाही. गुरुजींनी नेहमीचं वाक्य अर्ध्यात सोडलं. पोरं आली आणि हात पुढे करून थांबली. मोठेबाबांनी त्यांना आपल्या वाटची बुंदी दिली.

त्यानंतर एकोणीस वर्षं ते जगले. दरवर्षी झेंड्याला गेले, दरवर्षी सलाम केला. बिल्ला पुन्हा छातीवर आला नाही. वडलांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, सेफ्टीपिनेनं सदरा फाटते. मी तो प्रबंध पूर्ण केला, प्रथम श्रेणी मिळवली, नोकरी लागली, लग्न झालं. घरातल्या प्रत्येकाची गोष्ट मी सांगते. ही कोणाला सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही. हसवता येईल असा तिच्यात एकच भाग होता, तो कमळाचा. ते गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला मी तासभर बोलले. नदी, चिखल, पातळ डाळ, लोक हसले, रडले. मेडलजवळ आले आणि विषय बदलला. मला वाटलं होतं, हे फक्त मलाच माहीत आहे आणि माझ्याबरोबरच जाईल.

आणि आता मोठाईचा हात माझ्या हातावर होता. डोक्यावरून बिरसीच्या पायलट शाळेचं छोटं विमान घरघरत गेलं. ती हल्ली मान वर करत नाही, दिवसातून वीस वेळा जातात.

मी तिला समजावलं, की जोरात नाही घासत, फक्त फोटोपुरतं.

"तुले समजत नाई," ती म्हणाली. "नाव गेलं वो घासून."

मी मेडल उभं धरून उजेडात फिरवलं. कड गुळगुळीत होती. सगळीकडून. एका जागी नखाला काही तरी अडकल्यासारखं वाटलं, पण ते अक्षर नव्हतं. माझं पहिलं इंग्रजी वाचन तिथं होतं आणि नव्हतं.

मग मोठाईनं सांगितलं. ती लाखोरीकडे पाहून बोलत होती, माझ्याकडे नाही. त्या साली मी नागपूरहून आले होते तेव्हा, तिला आठवत होतं. पंचवीसला तिनं नेहमीसारखा बिल्ला घासला, तणसावर वाळवला. सव्वीसला सकाळी त्यांच्या हातात दिला. दरवर्षी आरसा न पाहता लावणारा माणूस, त्या दिवशी लगेच लावेना. दारात उजेडाकडे गेला. बिल्ला उभा धरला आणि कडेकडेनं फिरवू लागला. एक डाव, दोन डाव. चष्मा काढून पुसला, पुन्हा फिरवला. तिनं विचारलं, काय पाहून राहिले?

"तं मंते, इथं माहं नाव होतं."

मोठाईनं सुपातला पाला सारखा केला. मग म्हणाली, "मले कुठं वाचता येते. मले वाटे तो मळच हाये. काळं काळं दिसे बारीक, मी अजून जोरानं घासू. अठरा वर्स. त्याइचं नाव मी माह्या हातानं पुसलं." त्यांनी बिल्ला डब्यात ठेवला, म्हणाले, जाऊ दे, आज नको. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, ती म्हणाली. तेव्हापासून तिनं चिंचेचा हात त्या डब्याला लावला नाही. बाकीचं पितळ घासे. पाट मांडत नसे.

मी तांब्या धरून बसायचे. मला वाचता येत होतं. अठरा वर्षांतली निदान दहा वर्षं मी शेजारी बसून ती अक्षरं पुसट होताना पाहिली असणार, आणि पाणी घातलं.

पण त्याहून वाईट गोष्ट मला आता कळत होती, बसल्या जागी. अठरा वर्षांत मोठेबाबांनी कड कधी पाहिली नव्हती. पाहायची गरजच नव्हती. त्या सकाळी का पाहिली, ते मला माहीत होतं. सगळ्यांना मिळालेल्या वस्तूवर आपलं असं काय आहे, ते पाहायला ते दाराशी गेले होते.

गप्प राहता आलं असतं. तीस वर्षांचा सराव होता. मोठाई ऐंशीची, तिचं ओझं तिच्या अंगवळणी पडलेलं, असं मी स्वतःला एका श्वासात समजावूनही पाहिलं. मग ती पुटपुटली, की ते जायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यातही तिनं माफी मागायचं ठरवलं होतं, आणि नर्स आली म्हणून राहून गेलं.

मी सांगितलं. तक्ता, खाट, रविवार, तू विड्या द्यायला गेली होतीस. सगळं सांगितलं, स्वयंपाक्याचंसुद्धा. गोष्ट सांगताना मी हात फार हलवते म्हणतात. तेव्हा हलवले नाहीत.

मोठाईनं ऐकून घेतलं. "मंजे ते कड पाहाले गेले," ती सावकाश म्हणाली, "ते तुह्यापायी."

"हो."

"आन नाव नव्हतं, ते माह्यापायी."

मला हो म्हणवेना. तिनं ते मागितलंही नाही. तिनं सुपातला एक शेंडा उचलला, खुडला नाही, नुसता बोटांत फिरवत राहिली. मला वाटलं, आता मला चांगलं धुऊन काढेल. तिची जीभ अख्ख्या मुर्रीला माहीत आहे. मी त्याची वाटच पाहत होते.

"तीस वर्सं काऊन चूप राहिली वो तू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "इतलं बोलतेस."

लाज वाटली म्हणून, हे उत्तर तीस वर्षांना पुरत नाही.

नंतर ती जे बोलली ते माझ्याशी नव्हतं. ती दाराच्या उजेडाकडे पाहत होती, जिथं ते उभे राहिले असतील तिथं. "मी पाट मांडनं सोडलं. मले वाटे, कोन्या तोंडानं घासू. आन त्याइले काय वाटलं असन? त्याइले वाटलं असन, हिले बी समजलं. हिच्या लेखी बी आता त्याची किंमत नाई. म्हणून सोडलं."

हे मला सुचलं नव्हतं. सन्मानांच्या इतिहासावर तीनशे पानं लिहिलेल्या बाईला हे तीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. एका घरात, एका चुलीसमोर, एकोणीस वर्षं दोन माणसं एकमेकांना वाढत आणि जेवत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा आपल्याला मनातून उतरवून बसलाय. त्या घरात मी दिवाळीला, उन्हाळ्याला येत राहिले, सगळ्यांना हसवून गेले.

"मोठाई," मी म्हटलं, आणि तिच्याकडे सरकले.

तिनं मेडल माझ्या हातातून घेतलं. पदरानं पुसलं नाही, नुसतं मुठीत धरलं. सूप बाजूला सरकवून गुडघ्यावर हात देऊन उठली. मी आधार द्यायला गेले तर तिनं मान हलवली.

"तू जाय आता."

मी दगडाचं काही तरी बोलले. मुख्याध्यापक, फोटो, दोन ओळी. मूर्खासारखं, पण तोंडातून तेच निघालं.

"ते उद्या पाहू. उद्या ये, भाजी करून ठेवतो तुह्यासाठी." ती आतल्या खोलीकडे वळली होती, जिथं भिंतीवर त्यांचा फोटो आहे. "आज जाय. मले त्याइच्यासंग बोलाचं हाये."

दार तिनं लोटून घेतलं. कडी लावली नाही. मी पडवीत उभी राहिले, आणि आतून तिचा आवाज सुरू झाला. हळू, एखाद्याला उठवताना बोलतात तसा. शब्द कळण्याइतका मोठा होण्याआधी मी निघाले. चपला घातल्या नाहीत, फटफट आवाज होतो म्हणून. हातात धरल्या आणि अनवाणी अंगण ओलांडलं.